होळी ते मृग : पोहणाऱ्याची नाडी

हिंगोली जिल्ह्यात पोहणं म्हणजे बहुतेकांसाठी विहीर. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणं आहेत, पण हातपाय मारायला माणूस शिकतो तो शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा नाहीतर कमरेला ट्यूब बांधून. होळीनंतर हे पोहणं रंगात येतं आणि मृगाचा पाऊस पडला, पेरण्या सुरू झाल्या की बंद पडतं. एवढ्या तीनेक महिन्यांत हौसेनं पोहणाऱ्या प्रौढ माणसाच्या हृदयाला काही लाभ होतो का? होऊ शकतो. मात्र तो पाण्यात किती वेळ काढला यावर नाही, तर न थांबता किती वेळ हातपाय चालवले यावर ठरतो. आणि झाला की नाही, हे सकाळची नाडी फुकटात सांगते.

प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देतं आणि पाच लिटरच्या आसपास रक्त फिरवतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकललं जात असेल, तर त्यासाठी सत्तरेक ठोके लागतात. तेच ९० मिलिलिटर झालं तर पंचावन्नात भागतं. दमसासाच्या नियमित व्यायामानं हृदयाचे कप्पे अधिक भरू लागतात आणि त्याचा वेग आवरून धरणाऱ्या मज्जातंतूचा प्रभावही वाढतो, असं मानलं जातं. पोहताना शरीर आडवं असतं, त्यात पाण्याचा दाब. त्यामुळे पायांकडचं रक्त छातीकडे सहज येतं. तोंड गार पाण्यात बुडताच ठोके मंदावतात हेही खरं, पण ती क्षणापुरती प्रतिक्रिया आहे. तिला कमावलेला लाभ समजू नये.

पुरावा काय? हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाब वाढलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना त्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास पोहायला लावलं. विश्रांतीची नाडी सरासरी ८१ वरून ७१ वर आली, वरचा रक्तदाब १५० वरून १४४ वर. प्रयोग लहान होता आणि माणसं रक्तदाबाची होती. ज्याची नाडी आधीच ६२ आहे, त्यानं दहा ठोक्यांची आशा धरू नये. तरी दहा आठवडे म्हणजे आपल्या उन्हाळी हंगामाएवढाच काळ. फरक पोहण्याच्या रीतीत आहे. सूर मारायचा, वर चढायचं, काठावर गप्पा मारत बसायचं, पुन्हा सूर मारायचा, यात मजा खूप, पण हृदयाला सलग काम मिळत नाही. त्याच विहिरीत मध्यम वेगानं गोल फेऱ्या मारल्या तर मिळतं.

शेतात दिवसभर राबणाऱ्याला हा वेगळा व्यायाम कशाला, असं कुणी विचारेल. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक प्रौढांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुरसतीच्या व्यायामाबरोबर हृदयविकार कमी दिसला, तर कामावरच्या जड कष्टांबरोबर उलट वाढलेला दिसला. डेन्मार्कचा मजूर आणि सेनगावचा शेतकरी एकच नव्हेत. पण दिवसभर ओझी वाहणं आणि ठरावीक वेळ दम वाढवून मग विसावा घेणं हे हृदयाच्या दृष्टीनं सारखं नाही, एवढं त्यातून घेता येतं. दुसरी शंका: नाडी जितकी कमी तितकं उत्तम का? नाही. थायरॉइड मंदावल्यानं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी किंवा हृदयाच्या विद्युत दोषानंही ठोके घटतात. त्यासोबत चक्कर किंवा थकवा असेल तर डॉक्टर गाठावा. उलट तंबाखू, ताप आणि रक्तक्षय ठोके वाढवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी नव्वदची नाडी व्यायामाच्या अभावाचीच असेल असं नाही.

म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना व्यर्थ. आपला आकडा आपल्याच जुन्या आकड्याशी ताडावा. सकाळी उठण्यापूर्वी, चहा-तंबाखूच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. चार-पाच दिवसांची सरासरी होळीला लिहून ठेवावी, तशीच मृगाला. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तापल्या अंगानं एकदम गार पाण्यात उडी घेऊ नये आणि विहिरीत एकट्यानं कुणीच उतरू नये. कमावलेला लाभ व्यायाम सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरू लागतो. त्यामुळे पावसाळ्यात विहीर सुटली तरी झपझप चालणं किंवा सायकल सुटता कामा नये. नाडी वर्षभर उतरलेली ठेवायची तर हंगाम पोहण्याला असावा, व्यायामाला नव्हे.