दिल्लीच्या थंडीतील इडली

दक्षिणेच्या प्रवासात लागलेली इडलीची गोडी गृहिणी घरी घेऊन येते. तेथील हवा मात्र तेथेच राहते. मग पौषात दिल्लीच्या मराठी घरी पाहुणे खोळंबलेले, रात्रभर ठेवूनही पीठ तसूभर वर आलेले नाही, आणि दोष बिचाऱ्या उडदाच्या डाळीस! वास्तविक पीठ आंबविणारे जीवाणू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतात; थंडीत ते सुस्तावतात. तीन वाट्या तांदळास वाटीभर डाळ वेगळी, चमचाभर मेथ्यांसह भिजवावी. कोमट पाण्याने वाटून सारे पीठ हाताने फेसावे व पातेले कांबळ्यात गुंडाळून उबेला ठेवावे. सोड्याने इडली फुगते, परंतु तो आंबूस स्वाद येत नाही. रविवारी सकाळी पाहुणे यावयाचे असल्यास डाळ-तांदूळ शुक्रवारी रात्रीच भिजत घालावेत.