ट्रॅकसाठी बदललेली कार विकताना

ट्रॅक डे : स्वतःची गाडी बंदिस्त सर्किटवर वेगात चालवण्याचा दिवस. ही शर्यत नव्हे, क्रमांक नसतात.

सर्किट : श्रीपेरुंबुदूरजवळचे मद्रास सर्किट (१९९०, सुमारे ३.७ किमी), ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट (२०११, ५.१२५ किमी). कोइंबतूरलाही ट्रॅक आहे.

कायदा : इथेच व्यवहार अडू शकतो.
- मोटार वाहन कायदा, कलम ५२ : आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केले.
- कलम १८२अ : मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
- रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद हवी.

कागदपत्रे : मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र). राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे.

खरेदीदाराला दाखवा : इंजिनाच्या कामाची बिले, ईसीयू (इंजिन नियंत्रक संगणक) ट्यूनिंगचा तपशील, ब्रेक व क्लच कधी बदलले याची नोंद. रोल केज (आतला संरक्षक पिंजरा) जोडताना चासी कापली असेल तर तेही सांगा.

काढून ठेवलेले मूळ सुटे भाग गाडीसोबतच द्या.