हायब्रिड मोटारीचा रेडिएटर

पनवेल हें बोरघाटाकडे जाणाऱ्या वाहनांचें जुनें मुक्कामाचें गांव. घाटांतील गाडीरस्ता इ. स. १८३० मध्यें खुला झाला आणि शेजारच्या कळंबोलीहून निघणारा द्रुतगति-मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. रस्ता कितीहि सुधारला तरी चढण चुकत नाहीं. समुद्राच्या पातळीलगतच्या ह्या गांवाहून निघालेल्या मोटारीस खंडाळ्यापर्यंत सुमारें १८०० फूट चढावें लागतें, आणि त्या श्रमाची उष्णता बाहेर टाकण्याचें काम रेडिएटर करतो.

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर ह्या दोहोंवर चालणारी गाडी. टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं जपानांत 'प्रियस' नांवाची अशी गाडी विक्रीस काढली; आपल्याकडे २०२२ पासून ग्रँड व्हिटारा, हायरायडर इत्यादि गाड्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. ह्यांत इंजिनाप्रमाणेंच इन्व्हर्टर नांवाचें विजेचें यंत्रहि तापतें. चढणीवर बॅटरींतून प्रवाह ओढला जातो, आणि उतरणीवर चाकांच्या गतीपासून वीज होऊन ती परत बॅटरींत जाते. म्हणजे इन्व्हर्टरास दोन्ही वेळां विसांवा नाहीं. म्हणून त्यासाठीं कूलंटचा दुसरा, स्वतंत्र फेरा असतो. त्याचा सांठा निराळा व पंपहि निराळा. हे दोन फेरे एकच समजून काम करणारा मनुष्य अर्धेंच काम करतो.

आतां विजेविषयीं. घरांतील वीज २३० व्होल्टची. २००३ सालच्या प्रियसमध्यें बॅटरी २०१.६ व्होल्टची असून तो दाब पुढें ५०० व्होल्टपर्यंत वाढविला जात असे. हा दाब प्राणघातक होय. तो वाहणाऱ्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांस हात लावूं नये, इतकें तरी लहानांनींहि ध्यानांत ठेवावें. दुसरें असें कीं, गाडी निश्चल व निःशब्द असली म्हणजे ती बंद आहे असें नव्हे. 'रेडी' हा दिवा लागलेला असतां इंजिन आपोआप सुरू होऊं शकतें. म्हणून गाडी बंद करून किल्ली दूर नेऊन ठेवावी व लहान १२ व्होल्ट बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग शिकलेल्या मेकॅनिकनें विद्युत्‌रोधक हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढावा आणि तो स्वतःच्याच खिशांत ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी अजाणतां बसविणार नाहीं! त्यानंतर निदान १० मिनिटें थांबावें, कारण कपॅसिटरांत सांठलेली वीज लगेच ओसरत नाहीं. ज्यास हें शिक्षण मिळालेलें नाहीं त्यानें रेडिएटर उतरवूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून झांकण उघडूं नये. आंतील कूलंट दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांपलीकडेहि उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब जातो आणि तें उसळून तोंडावर येतें. थंड झालेलें कूलंट तळाच्या तोटीनें पसरट भांड्यांत घ्यावें. त्यांतील ग्लायकॉल विषारी आहे, पण चवीला गोड असल्यामुळें कुत्रीं-मांजरें तें चाटतात. तें गटारांत सोडणें म्हणजे अखेर गाढी नदींत सोडणें. बंद डब्यांत भरून गॅरेजकडे द्यावें.

यानंतर पंखा, रबरी नळ्या व बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचलतात. त्याच्या पुढें वातानुकूलनाचा कंडेन्सर असतो. त्याच्या नळ्या उघडूं नयेत. तो नुसता सोडवून जागच्या जागीं बांधून ठेवावा. हायब्रिडमध्यें त्याचा काँप्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्याचें तेलहि विद्युत्‌रोधक, खास प्रकारचें असतें.

स्वच्छतेचें काम सोपें पण सबुरीचें आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ, दुमडलेल्या पट्ट्यांत धूळ, चिखल व किडे अडकतात. मंद धारेचें पाणी इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस सोडावें, म्हणजे मळ आला त्याच वाटेनें परत जातो. जोराच्या फवाऱ्यानें पट्ट्या वांकतात. मऊ ब्रश पुरे.

परत बसवितांना रबरी बैठका व नळ्यांच्या क्लिपा तपासाव्या. कंपनीनें सांगितलेलेंच कूलंट भरावें. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचे आंत थर बसतात. शेवटीं दोन्ही फेऱ्यांतील हवा काढावी. हवेचा बुडबुडा राहिला तर इन्व्हर्टरांतील कूलंट फिरेनासें होतें. उभ्या हायब्रिडचें इंजिन मध्येंच थांबत असल्यामुळें तें अखंड चालूं ठेवण्याची एक खास अवस्था असते; ती मेकॅनिक योजतो. दुसऱ्या दिवशीं गाडी थंड असतां दोन्ही टाक्यांची पातळी पाहावी आणि कमी झाली असल्यास भर घालावी. पुन्हा उतरली तर गळती शोधल्याखेरीज घाटाकडे निघूं नये.