व्हिडिओत सॅल्मन, आपल्याकडं कटला : गळाला तंगूस नेमका कोणता लावायचा?

हल्ली रील बघून रील घेणारे वाढलेत. म्हणजे मोबाईलवर कॅनडातल्या कुणीतरी बोटीतून दहा किलोचा सॅल्मन ओढलेला बघायचा, रात्री ऑनलाईन फिरकीवाली रील मागवायची आणि रविवारी हरिपूरच्या संगमावर नाहीतर धोमच्या कडेला जाऊन बसायचं. नाद वाईट नाही. गडबड होते ती दोरीत. व्हिडिओतल्या गड्यानं जी दोरी वापरली तीच पाहिजे म्हणून लोक आठशे-हजार रुपये घालतात, आणि पहिलाच बरा मासा गळ मोडून किंवा गाठ तोडून निघून जातो.

गंमत म्हणजे ज्या सॅल्मनच्या व्हिडिओवरनं हे सुरू होतं, तिथले मुरलेले मासेमार बऱ्याचदा आपल्याकडच्या साध्या तंगुसासारखीच दोरी वापरतात. ते का, हे कळलं की कृष्णेवर काय लावायचं तेही बरंचसं कळतं.

कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्रात सॅल्मन धरायची एक पद्धत आहे. बोट सावकाश चालू ठेवायची आणि मागं आमिष ओढत न्यायचं. याला ट्रोलिंग म्हणतात. पण सॅल्मन असतो खोल पाण्यात, आणि चालत्या बोटीमागं आमिष वर वर येतं. म्हणून बोटीच्या कडेला एक छोटा रहाट बसवतात, डाउनरिगर. त्याच्या स्वतःच्या तारेला चार-सहा किलोचा शिशाचा गोळा असतो. गळाची दोरी त्या गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा पाहिजे तितका खाली सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि पुढची झटापट फक्त मासा आणि काठी यांच्यात होते. शिशाचं वजन मध्ये येत नाही.

खरा खेळ त्या सुटण्याच्या क्षणाचा आहे. चिमट्यातून सुटताच दोरी क्षणभर ढिली पडते आणि पुढच्या क्षणी माशाचा झटका बसतो. सॅल्मनचं तोंड तसं नाजूक. दोरी अजिबात ताणली जाणारी नसेल तर सगळा झटका गळावर येतो आणि तोंड फाटून मासा सुटतो. नायलॉनची एकपदरी दोरी, जिला ते मोनोफिलामेंट आणि आपण तंगूस म्हणतो, ती रबरासारखी थोडी लांबते. तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के ताणते म्हणा ना. ढील आली तरी तो ताण ती भरून काढते आणि झटका पिऊन टाकते. शिवाय चिमट्यात ती नीट धरून राहते, तर बारीक, गुळगुळीत ब्रेडेड दोरी तिथून घसरते. म्हणून डाउनरिगरला वीस ते तीस पौंडाचा तंगूस हे तिकडचं जुनं, टिकलेलं उत्तर आहे.

आता ही ब्रेडेड म्हणजे काय, तर पॉलिथिलीनच्या अतिबारीक, पण जबर मजबूत धाग्यांची घातलेली वेणी. हिचा ताण तीन-चार टक्केच. ताकद इतकी की तीस पौंडाची ब्रेडेड साधारण आठ पौंडाच्या तंगुसाएवढी बारीक असते. पाण्यावर तरंगते. तिसरा प्रकार फ्लोरोकार्बनचा. दिसायला तंगुसासारखाच, पण जड असल्यानं लवकर बुडतो, घासाला चिवट आणि पाण्यात कमी दिसतो. कमी दिसतो याला कारण आहे. प्रकाश वाकवण्याचं पाण्याचं माप १.३३, फ्लोरोकार्बनचं १.४२ आणि नायलॉनचं १.५ च्या वर. दोन मापं जितकी जवळ, तितकी वस्तू पाण्यात विरघळल्यासारखी वाटते. जवळ म्हणजे सारखी नव्हे, त्यामुळं ‘माशाला दिसतच नाही’ ही जाहिरात निम्मीच खरी.

आता या आपल्या पाण्यावर.

सांगलीत आयर्विन पुलाखाली पावसाळ्यात जे पाणी वाहतं, त्यात तुमचा हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तिथं न दिसणाऱ्या दोरीला पैसे घालण्यात काय अर्थ आहे? तेच उन्हाळ्यात घाटाकडच्या धरणांच्या नितळ पाण्यात गळाच्या टोकाला मीटरभर फ्लोरोकार्बन जोडला तर फरक पडू शकतो. पूर्ण रीळ त्याचंच भरायची गरज तरीही नाही.

कटला, रोहू, मृगळ हे आपले मुख्य गिऱ्हाईक. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. कणकेच्या किंवा पेंडीच्या गोळ्यावर येणारे हे मासे ओठानं चोखत घेतात आणि लागले की एकदम सुसाट पळतात. म्हणजे गणित सॅल्मनसारखंच: मऊ ओठ, मोठा झटका. इथं तंगूसच बरा. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा, पाकिटावर पंधरा-वीस पौंड लिहिलेला. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, तेव्हा वीस पौंड म्हणजे नऊ किलो.

इथं हमखास प्रश्न येतो, नऊ किलोच्या दोरीनं बारा किलोचा कटला निघतो का? निघतो. पाणी माशाचं बहुतेक वजन उचलून धरतं, त्यामुळं तुम्ही वजन उचलत नाही, त्याची ओढ सोसता. ओढ सोसायला काठीचा बाक आणि रीलचा ड्रॅग असतो. ड्रॅग म्हणजे ठरावीक जोर आला की दोरी आपोआप सोडणारा ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवायचा. नऊ किलोच्या दोरीला अडीच-तीन किलो. लटकवायचा वजनकाटा दोरीला बांधून ओढून बघितलं की पाच मिनिटांत लागतो. आमच्यातल्या एका मित्रानं ड्रॅग आवळून बंदच केला होता, ‘सुटायला नको’ म्हणून. सुटलाच. वर काठीचं टोकही घेऊन गेला.

मरळ मात्र वेगळा विषय. हा गडी जलपर्णीत, पाणगवतात दबा धरून बसतो. लागला की परत गवतात घुसतो, आणि ताणणारी दोरी असेल तर तुम्ही ओढेपर्यंत त्यानं दोन वेढे घातलेले असतात. इथं ब्रेडेडचे पैसे वसूल होतात. न ताणता सरळ खेचता येतं आणि ती गवत कापत येते. फक्त मरळाला दात असतात, म्हणून टोकाला जाड तंगुसाचा तुकडा जोडायचा. खडकाळ तळाला वाम किंवा शिंगाळ्यासाठी बसणार असाल तर ब्रेडेड नको. ओढीला ती राजा आहे, पण ताणावर असताना दगडाच्या धारेला घासली की पटकन जाते.

आणि काठी न घेता बाटलीला किंवा लाकडाला दोरी गुंडाळून हातानं टाकणारे असाल, तर ब्रेडेडला हातच लावू नका. मोठा मासा पळाला की बोट कापतं, अगदी खोल.

सगळ्यात जास्त मासे मात्र जातात ते जुन्या तंगुसामुळं. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झाल्यावर थोडं कमजोर पडतं. उन्हात तर कुजतंच. दुकानाच्या दारात वर्षभर ऊन खात टांगलेलं बंडल स्वस्तात मिळतं ते काही उगीच नाही. मीटरभर दोरी घ्या, दोन बोटांतून ओढा, खरखर लागली तर नको. एक साधी गाठ मारून आवळा, कटकन तुटली तरी नको. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची, नाहीतर घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. आपले जुने लोक हे न सांगता करायचे. रीलवरची दोरी वर्षातून एकदा बदला, निदान पुढची तीस-चाळीस मीटर कापून टाका.

दोरी भारी असली म्हणून कुठंही टाकायची नसते. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांचा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथल्या संरक्षित हद्दीत गळ टाकायला जाऊ नका. बाकीच्या धरणांवर मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडं किंवा ठेकेदाराकडं असतो, त्यांना विचारून बसायचं. जूनच्या पहिल्या पावसात अंडी घेऊन चढणीला लागलेले मासे सोडून दिलेले बरे.

औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत, हे तिथल्या कुणाला सांगायला नको. माणसं गेलीत त्यात. पण बाहेरून येणारे पोरं पाण्यात पाय सोडून बसतात आणि धरलेले मासे जाळीत घालून तिथंच पायाशी पाण्यात ठेवतात. जाळी वर काठावर ठेवा, मासे घाटावर साफ करू नका, अंधार पडायच्या आत उठा. दोरी अडकली तर सोडवायला पाण्यात उतरू नका. तोडा.

तोडलेल्या दोरीचं काय? राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये ज्या नायलॉन मांजावर बंदी घातली, त्याचा आणि तंगुसाचा माल एकच. तो काठावर पडला की बगळ्याच्या, खंड्याच्या पायात अडकतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अंदाजानुसार असा तंगूस पाण्यात ६०० वर्षं टिकतो. म्हणून हाती लागेल तेवढा गुंडाळून घरी आणायचा आणि कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे करायचे. तुकड्यात कुणाचा पाय अडकत नाही.