हात गेला, तर पदरात काय?

सोयाबीन काढणीला आलं की पिंपळगाव राजाच्या शिवारात थ्रेशर घरघरू लागतात. पेंढ्या लोटताना बाही ओढली गेली, तर हात क्षणात आत जातो. त्या यंत्रापाशी सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि रोजाने आलेली बाई एकत्रच राबतात. अपघात दोघांना सारखाच होईल, पण मदतीची वाट वेगळी आहे.

शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा योजना आहे. पूर्वी मधे विमा कंपनी असे. 2023 पासून शासनच सानुग्रह अनुदान देतं. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. खातेदार आणि घरातला खाते नसलेला एक जण, वय 10 ते 75. अर्ज खामगावच्या तालुका कृषी कार्यालयात द्यायचा.

मजूर बाईचं सातबाऱ्यावर नावच नसतं. तिला आधार प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. वय 18 ते 70, बँक किंवा पोस्टातलं खातं, वर्षाला 20 रुपये. भरपाईच्या रकमा त्याच.

मात्र थ्रेशरमध्ये बहुधा बोटं जातात, आणि निव्वळ बोटांसाठी या 20 रुपयांच्या विम्यात काहीच मिळत नाही. हात पूर्ण निकामी झाला तरच पैसे. मला हे फार अन्यायाचं वाटतं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठ्याची किंमत 30 टक्के कमाईक्षमता अशी धरली होती, इंजिनावर चालणाऱ्या यंत्रावरचा शेतमजूरही त्यात घेतला होता, आणि भरपाई मालकाने द्यायची होती. त्या जुन्या कायद्यात जे होतं, ते आजच्या विम्यात का नसावं?

दावे अडतात ते कागदांवर. साप चावला की आधी मांत्रिक गाठला जातो, माणूस दगावला की शवविच्छेदनाशिवाय अग्नी दिला जातो. मग मृत्यूचं कारण सिद्ध कशाने करायचं? केंद्राच्या योजनेत सर्पदंशाला किंवा झाडावरून पडण्याला दवाखान्याची तात्काळ नोंद चालते; रस्ता अपघाताला, बुडून मेल्यावर पोलिसांचा कागद लागतो. म्हणून दुःखातही कुणीतरी आधी सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाणं गाठायलाच हवं. अर्जाला मुदत 30 दिवसांची, तेराव्यानंतर पाहू म्हटलं की निम्मी सरते.

आणि 20 रुपये मे अखेरीस खात्यातून वळते होतात. खात्यात शिल्लक नसेल तर 1 जूनपासूनचं संरक्षण मिळत नाही. ऐन पेरणीच्या तयारीत पैसा बियाण्याकडे वळलेला असतो, तेव्हाच पासबुक भरून घ्यावं, आणि वारसाचं नाव लागलंय का तेही बघावं.