संगणकातले गाजरगवत

देवगडजवळच्या आमच्या वाडीतून दर हंगामात आंब्याच्या पेट्या मुंबईकडे जातात आणि त्यातल्या साठ-सत्तर करंजाड्याला उतरतात. करंजाडे म्हणजे पनवेलच्या अंगाला लागून असलेले गाव. सिडकोने शेजारी वसाहत उभी केली, त्यामुळे गाव कुठे संपते आणि इमारती कुठे सुरू होतात हे आता नवख्याला कळत नाही. तिथे माझी धाकटी बहीण राहते. तिची मुलगी घरच्या संगणकावर गिऱ्हाइकांची यादी ठेवते, ऑर्डरी घेते, बिले करते. आमचे सातबारे आणि वडिलांचे जुने फोटोसुद्धा त्याच यंत्रात साठवलेले.

गेल्या हंगामात मी गाडीबरोबर तिथे गेलो होतो. पेट्या उतरवून चहा घेतो आहे तोच नेरूळच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा भाचीला फोन आला. "ताई, आगाऊ पैसे कधीपासून मागायला लागलात? आणि खातेही दुसऱ्याच कुणाच्या नावाचे?"

पोरगी पांढरीफटक पडली. "मामा, मी असे काही लिहिलेच नाही हो!" संगणक उघडून पाहिला, तर तिच्याच पत्त्यावरून चाळीस-एक गिऱ्हाइकांना ईमेल गेले होते. भाषा गोड, पेटीचा भाव बरोबर, फक्त खाते परक्याचे. आमच्या धंद्यात कागदावर करार नसतो. फोनवर शब्द दिला की पेटी जाते आणि पेटी पोचली की पैसे येतात. तीस वर्षांचा तो शब्द कुणीतरी एका रात्रीत वापरून घेतला होता.

शेजारच्या इमारतीत संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा राहतो. त्याला बोलावले. त्याने यंत्राला हात लावण्याआधी भिंतीवरची इंटरनेटची पेटी बंद केली. "काका, आत बसलेला चोर बाहेरच्या साथीदाराशी याच वाटेने बोलतो. पहिल्यांदा वाट तोडायची." मग त्याने विचारले, "अलीकडे नवीन काय टाकले यात?"

भाचा मान खाली घालून पुढे आला. बिले छापण्याचा एक चांगला कार्यक्रम विकत मिळत होता. त्याने तोच कुलूप तोडलेला, फुकटचा, कुठूनसा उतरवून घेतला. बसवताना पडद्यावर सूचना आली की संरक्षणाचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा. त्याने तो बंद केला. म्हणजे चोराच्या सांगण्यावरून आपणच आपला कुत्रा बांधून ठेवल्यासारखे झाले. बिले मात्र छान छापली जात होती, म्हणून कुणाला संशय आला नाही.

अशा कार्यक्रमाला ट्रोजन म्हणतात. ट्रॉय नगरीला ग्रीकांनी दहा वर्षे वेढा घातला, तरी वेशी फुटल्या नाहीत. मग त्यांनी एक मोठा लाकडी घोडा मागे ठेवून निघून गेल्याचा देखावा केला. नगरातल्या लोकांनीच तो आनंदाने ओढून आत नेला आणि रात्री त्याच्या पोटातून शिपाई उतरले, अशी ती कथा. घाटावरच्या वाचकांना मात्र घोड्यापेक्षा गाजरगवत जवळचे. १९५५च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. गहू आपणच मागवला होता. ट्रोजनही असाच येतो, आपल्याला हव्या असलेल्या मालात मिसळून.

पोराटकीची चूक म्हणून हसून सोडावे, तर मोठमोठेही यात फसले आहेत. करंजाड्याहून न्हावा-शेवा बंदर फार दूर नाही; नाशिकची द्राक्षे आणि कांदा परदेशी जातात ते याच बंदरातून. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून सुटलेल्या नॉटपेट्या नावाच्या कीडीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. तिच्याच गटातली कंपनी न्हावा-शेवाचा एक धक्का चालवत होती. तिथले कंटेनर चढवण्या-उतरवण्याचे काम ठप्प झाले. ही कीड शिरली कशी? युक्रेनमध्ये जमाखर्चासाठी सर्रास वापरला जाणारा एक कार्यक्रम होता, त्याच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीत लपून. आत आल्यावर मात्र ती एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरली. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले. त्यात एक गंमत अशी प्रसिद्ध झाली की साऱ्या जाळ्याची किल्ली असलेला एक महत्त्वाचा संगणक फक्त आफ्रिकेतल्या घाना देशात शाबूत राहिला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाचा असा उपकार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

असो. आमच्या यंत्राकडे वळू.

भाची म्हणाली, "ते बिलाचे चिन्ह काढून टाकते, म्हणजे झाले." दुरुस्तीवाल्या मुलाने तिला थांबवले. चिन्ह पुसणे म्हणजे गवताचा शेंडा खुडणे. त्यातून निघालेला चोर तोवर दुसऱ्या नावाने दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलेला असतो आणि संगणक सुरू झाला की तोही जागा होतो. तो आधी ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड चोरतो. भाचीचा ईमेल परक्याच्या हाती गेला तो असाच.

म्हणून पासवर्ड बदलायचे, पण आजारी संगणकावरून नव्हे. तिथून बदलला तर नवा पासवर्डही चोरालाच मिळतो. बहिणीच्या मोबाइलवरून आधी ईमेलचा बदलला, मग बँकेचा. ईमेल आधी अशासाठी की बाकी सगळ्यांचे कुलूप त्याच किल्लीने उघडता येते. सर्व ठिकाणांहून 'लॉग आउट' केले, कारण नुसता पासवर्ड बदलून आत बसलेला नेहमीच उठतो असे नाही. पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळवलेली तर नाहीत ना, तेही पाहिले. बँकेला फोन करून कळवले.

मग सफाई. विंडोजमध्येच 'डिफेंडर' नावाचा राखणदार फुकट असतो. 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यात 'ऑफलाइन स्कॅन' निवडला. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होताना, विंडोज आणि त्याबरोबर चोर जागा होण्याआधीच तपासणी होते. सुमारे पंधरा मिनिटे लागली. दोन ठिकाणी घाण सापडली.

केंद्र सरकारने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र काढले, तिथेही सफाईची साधने फुकट मिळतात. ती पुरवणाऱ्यांत पुण्याची क्विक हील आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले, शाळेपुढे न शिकलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले आणि दोघांनी मिळून ही कंपनी उभी केली.

सापडले ते काढले, तरी मुलाचे समाधान होईना. "ज्या संगणकावरून पैशाचे व्यवहार होतात, त्याची पाटी पुसून नवी लिहावी, काका." माझेही मत तेच पडले. फोटो, सातबारे, याद्या एका वेगळ्या डिस्कवर काढून घेतल्या. कार्यक्रमाची फाईल एकही घेतली नाही, नाहीतर बी पुन्हा सोबत आले असते. मग 'रिसेट'मध्ये सर्व काही पुसण्याचा पर्याय घेऊन विंडोज नव्याने बसवले आणि ती डिस्कही परत आत घेण्याआधी तपासली. रात्रीचे अकरा वाजले. ताईने त्या मुलाला जेवल्याशिवाय सोडले नाही.

घरात संगणक नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पीएम-किसानच्या नावाच्या बनावट एपीके फायली व्हॉट्सॲपवरून फिरल्या आहेत. तोही घोडाच, फक्त खिशात मावणारा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर होतो, तितका पैसा हातोहात पुढे सरकतो.

दुसऱ्या दिवशी भाचीने यादी समोर घेऊन सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. बहुतेकांनी पैसे पाठवले नव्हते. खारघरच्या एका आजोबांनी मात्र दोन पेट्यांचे पाठवून टाकले होते. त्यांच्याकडून १९३०ला तक्रार नोंदवून घेतली. पैसे परत येतील की नाही, तेव्हा सांगता येत नव्हते. ताई माझ्याकडे पाहत राहिली. मी गाडीतल्या पेट्यांतून चांगल्या पिकावू घातलेल्या दोन निवडल्या आणि भाच्याला म्हटले, "तू स्वतः नेऊन दे." तो रिक्षाने गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आजोबांनी दिलेली रिकामी पेटी होती, गेल्या वर्षीची, परत करायची राहिलेली.