प्रकाशनगरी अंधारात

स्पेनमधल्या आलिकांतेला वालेन्सिया स्वायत्त प्रदेशाच्या सरकारने २००५ मध्ये भव्य चित्रपट स्टुडिओ सुरू केला. नाव ‘सिउदाद दे ला लूस’, म्हणजे प्रकाशनगरी. मुख्य गुंतवणूकदार सरकारी तिजोरीच. प्रतिस्पर्धी स्टुडिओंच्या तक्रारी गेल्या, चौकशी लागली आणि मे २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने ही मदत बेकायदा ठरवली. कसोटी एकच: नफा पाहणाऱ्या खासगी माणसाने या अटींवर पैसा घातला असता का? आयोगाचं उत्तर ‘नाही’. २६.५ कोटी युरो परत वसूल करण्याचा आदेश निघाला.

निकालाचा तर्क पटतो, तरी हळहळ वाटते. ‘द इम्पॉसिबल’मधली त्सुनामी इथल्याच उघड्या, प्रचंड टाकीत उसळली होती, नेओमी वॉट्स आणि कोवळा टॉम हॉलंड त्या गढूळ पाण्यात हेलकावे खात होते. चित्रपट २०१२ मध्येच पडद्यावर आला, आणि त्याच वर्षी स्टुडिओला टाळं लागलं. पुढे सुमारे दशकभर तिथलं चित्रीकरण थांबलं. उभारणीवर कोट्यवधी ओतताना चित्रपट सातत्याने येतील का, हा हिशेब आधीच कसोशीने मांडायला हवा होता.